पाण्याची रेल्वे आली तेव्हा तुझ्या घरात काय चाललं होतं?

पत्र लिहिणारी मुलगी वीस वर्षांची आहे. घर लातूरला, शिक्षण पुण्यात, पदवीचं दुसरं वर्ष. वडील आडत दुकानात मुनीम. घराच्या वरच्या दोन खोल्या क्लाससाठी लातुरात आलेल्या मुलींना भाड्याने दिलेल्या. गेल्या महिन्यात वर्गात प्रत्येकाला आपलं गाव आणि आपण शिकतो ते शहर यावर पाच मिनिटं बोलायला सांगितलं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्याकडे तीनच गोष्टी आहेत. भूकंप, पॅटर्न आणि पाणी घेऊन येणारी रेल्वे. चौथी मी." वर्ग हसला, टाळ्या पडल्या, शिक्षकांनीही पाठ थोपटली. ती खाली बसली आणि तिला कसंसंच झालं. त्याच रात्री वडिलांचा फोन आला. "आपल्या गावाबद्दल काय सांगितलीस?" ती म्हणाली, "चांगलं सांगितलं."

उलट सुट्टीत घरी गेली की ती पुण्याचं असं काही वर्णन करते की मावसबहिणी ऐकतच राहतात. प्रत्यक्षात ती चौघींच्या खोलीत कॉट बेसिसवर राहते, आणि कॉलेज, मेस, खोली याबाहेरचं पुणं तिने फारसं पाहिलेलं नाही. आता हाच विषय हजार शब्दांत लिहून द्यायचा आहे. ती विचारते, "लातूरचं खरं सांगितलं तर बिचारं वाटतं, छान सांगितलं तर खोटं वाटतं. पुण्याचं तर मी खोटंच सांगते. मग मी नक्की कुठली? आणि लिहू काय?"

प्रिय लातूरकर,

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर मायन्यातच देऊन टाकलं. राहिला दुसरा, लिहायचं काय. तोच जास्त अवघड आहे.

आधी त्या विनोदाबद्दल. विनोद चांगला होता, मीही हसले. त्यामुळे वर्गाला दोष देऊ नकोस. तू हसायला दिलंस, ते हसले. तुला कसंसं का झालं हे मात्र बघायला हवं. गावाची बदनामी केली म्हणून झालं, असं तू धरून चालली आहेस. मला तसं वाटत नाही. माझ्या मते, पाच मिनिटं बोलूनही त्यात तुझं काहीच नव्हतं, म्हणून झालं.

त्या तीन गोष्टी एकेक करून हातात घेऊन बघ. भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत होती. किल्लारी औसा तालुक्यात, तुझ्या घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. सुमारे दहा हजार माणसं गेली. तू जन्मलीस त्यानंतर दहाबारा वर्षांनी. म्हणजे ही गोष्ट तुझ्या आईची असेल, आजीची असेल. तुझ्याकडे ती ऐकीव आहे. पॅटर्नचं म्हणशील, म्हणजे परीक्षांची घोटून तयारी करून घेणारा तो लातूर पॅटर्न, तर तू त्यातून बाहेर पडून वेगळंच काही शिकायला पुण्याला आलीस. घरच्यांशी वाद न होता हे झालं असेल असं वाटत नाही. तो वाद पाच मिनिटांत कुठे होता?

आणि रेल्वे. तिघींतली एवढीच तुझ्या हक्काची, आणि तिच्याबद्दल तू सर्वांत कमी सांगितलंस.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींमध्ये पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. हे सगळं सगळ्यांनी बातम्यांत पाहिलं. पण तेव्हा तू पाचवीत असशील. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावलेली. रेल्वेचं पाणी काही थेट कुणाच्या नळाला आलं नाही, ते उतरवून, शुद्ध करून मग टँकरने गल्लीत पोचायचं. तुमच्या गल्लीत टँकर किती दिवसांनी यायचा? रात्री यायचा का? कळशी घेऊन रांगेत कोण उभं राहायचं, तू की आई? भांडी घासलेलं पाणी पुढे कशाला वापरायचे? वरच्या खोल्यांतल्या मुलींना त्या उन्हाळ्यात घरी पाठवावं लागलं का? वर्गातल्या एकालाही यातलं काही माहीत नाही. 'पाण्याची रेल्वे' एवढं मात्र सगळ्यांना माहीत आहे, आणि तू त्यांना नेमकं तेच परत दिलंस.

आता तू जिथे शिकतेस त्या शहराकडे बघ, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते नीट कळेल. पुण्यावर काय कमी संकटं आली? १८९७ चा प्लेग. त्या वेळच्या जुलमाचा राग म्हणून २२ जूनच्या रात्री, गव्हर्नरच्या बंगल्यावरचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी गोळी झाडली. गव्हर्नरच्या त्याच बंगल्यात पुढे १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं. आज आपण त्याला मुख्य इमारत म्हणतो. मग १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तरीही पुण्याचा मुलगा उभा राहून "आम्ही प्लेग आणि पुराचे" असं म्हणत नाही. पुराची आठवण निघाली की जुने पुणेकर सांगतात, पाणी आमच्या वाड्याच्या कितव्या पायरीपर्यंत आलं होतं. पायरीच सांगतात. कोणी सांगतो सातवी, कोणी सांगतो माळ्यापर्यंत. ती पायरी सांगितली की संकट त्यांच्या घरचं होतं, त्याची कुणी कीव करत नाही आणि त्यावर कुणी हसतही नाही.

तुझ्या घरातली पायरी शोध. हजार शब्दांतले निदान चारशे तिथेच जातील.

पुण्याच्या बाबतीत तू स्वतःला खोटारडी म्हणते आहेस, ते मला पटत नाही. पुण्याचं फुगवून सांगताना तुझ्या डोक्यात वडिलांनी भरलेलं खोलीभाडं असतं. 'पैसे वाया जात नाहीत' एवढं तुला त्यांना सांगायचं असतं आणि ते सरळ सांगता येत नाही, म्हणून तू झगमगाट सांगतेस. बाहेरगावी शिकणारी बहुतेक मुलं हेच करतात. मीही केलं आहे, उलट्या दिशेने. फलटणहून मुंबईला शिकायला गेले तेव्हा पहिलं वर्षभर कुणी विचारलं की मी 'पुण्याजवळ' असं सांगायचे. फलटण पुण्यापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर आहे. एके दिवशी एका मुलीने विचारलं, "पुण्याजवळ म्हणजे, हडपसर का?" त्यावर मी हो म्हणाले. ते हो आजही अधूनमधून टोचतं.

मुद्दा असा, की तुझ्या लातूरच्या वर्णनात जो दोष आहे तोच पुण्याच्या वर्णनात आहे. लातूर तू बातम्यांवरून सांगितलंस, पुणं पाट्यांवरून सांगतेस. विद्येचं माहेरघर, सांस्कृतिक राजधानी वगैरे. दोन्ही ठिकाणी तुझे पाय कुठे दिसत नाहीत. म्हणून लिहायला बसण्याआधी एक साधी चाळणी लाव. जे वाक्य लातूर किंवा पुणं कधी न पाहिलेला माणूससुद्धा लिहू शकेल, ते खोडून टाक. भीती वाटेल, काही उरणारच नाही अशी. उरतं.

तू म्हणतेस, मी पुणं पाहिलंच नाही. अगं, चौघींच्या खोलीत दोन वर्षं राहणं हेच पुणं आहे. या शहरात बाहेरून शिकायला आलेल्या मुलामुलींची एक अख्खी वस्ती आहे. मेसचे डबे, अभ्यासिकांतल्या खुर्च्या आणि कॉट यांच्यावर चालणारी. ती कुठल्याही स्वागत फलकावर नसते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते तेव्हा तुम्ही चौघी काय करता? बादल्यांचा नंबर कसा लागतो? आणि सोसायटीत टँकर येतो का? चार धरणांच्या या शहराच्या उपनगरांतही उन्हाळा आला की टँकर फिरतात. पाणी म्हटलं की लोकांना लातूर आठवतं, पुणं आठवत नाही. तुझ्या निबंधात दोन्ही टँकर शेजारी शेजारी उभे राहिले तर मला तरी वाचायला आवडेल.

आणखी एक जागा आहे, जी तू नक्की पाहिली असशील. हडपसरचं गाडीतळ, रात्रीचे दहा-साडेदहा. उदगीर, निलंगा, अहमदपूर अशा पाट्यांच्या गाड्यांची वाट बघत उभी असलेली माणसं, पायाशी बॅगा, आणि आजूबाजूला "कुठं जालालास?", "येलालो की" हे सूर. दिवसभर वर्गात जी बोली तू गिळून ठेवतेस, ती तिथे मोकळी होते. ही जागा पुण्याची की लातूरची, हे तू ठरव. माझ्या मते तुझा निबंध इथूनच सुरू व्हावा, पण तो तुझा आहे, माझा नाही.

बोलीचा विषय निघालाच आहे तर सांगते. ती दडवू नकोस, आणि हशा मिळवायला वापरूही नकोस. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. निबंधात वडील बोलतील तेव्हा त्यांना त्यांच्या बोलीत बोलू दे, बाकीचं तुला जसं सुचेल तसं लिही. तुझ्या पत्रात "काय सांगितलीस" हे वडिलांचं वाक्य तू जसंच्या तसं ठेवलंस, 'सांगितलंस' असं दुरुस्त केलं नाहीस. तिथे मला कळलं की या मुलीचा कान चांगला आहे.

आता एक वाट अशी आहे, जी तुला कुणीतरी नक्की सुचवेल : अभिमानाची. लातूरचं जुनं नाव लत्तलूर, राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घ्यायचे, गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, वगैरे. सगळं खरं आहे, आणि माहीत असावंच. पण विनोदाच्या जागी अभिमान ठेवून फार काही बदलणार नाही, तोही ऐकीवच. राष्ट्रकूट एका वाक्यात येऊ दे, त्याहून जास्त नको. गोलाई मात्र सोडू नकोस, तुझे वडील रोज त्या बाजूला जात असतील.

दुसरी वाट त्याहून घसरडी. गाव साधंभोळं आणि शहर यंत्रासारखं, असा सातवी-आठवीत घोटून घेतलेला निबंध. लातूर हे गाव नाही, महानगरपालिकेचं शहर आहे. आणि तू ते ज्या नजरेने बघतेस त्याच नजरेने सगळे बघत नाहीत, याचा पुरावा तुझ्याच घराच्या वरच्या मजल्यावर आहे. जळकोट, देवणी, परळी, कंधार, कुठून कुठून आलेल्या मुली तिथे राहतात. त्यांच्यासाठी लातूर म्हणजे तुझं पुणं. त्याही सुट्टीत घरी जाऊन लातूरचं फुगवून सांगत असतील. त्यांनाही वर्गात कुणीतरी गावाचं नाव दोनदा विचारत असेल. तू कधी विचारलंस का त्यांना, लातूर कसं वाटतं? तुझ्या पत्रात त्या मुली अर्ध्या ओळीत येऊन गेल्या, 'खोल्या भाड्याने दिल्या आहेत' एवढंच. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि दर वेळी त्या अर्ध्या ओळीपाशी थांबले. या सुट्टीत गेलीस की त्यांच्यासोबत अर्धा तास बस. मालकाची मुलगी म्हणून बसू नकोस. तुझ्यासारखंच घर सोडून आलेल्या मुली म्हणून बोल. तुझ्या विषयाची गाठ तिथे सुटेल असं मला वाटतं.

आणि येळवस कुठे आहे? मार्गशीर्षातल्या अमावस्येला तुमचा बाजार संचारबंदी लागल्यासारखा रिकामा होतो. आडत बंद, दुकानं बंद, सगळं शहर शेतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो, कारण त्या दिवशी कुणी कुणाला परकं म्हणत नाही. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत मांडलेले पांडव, डोक्यावरून आणलेलं आंबिलीचं बिंदगं म्हणजे घागर, भज्जी, बाजरीचे उंडे. एका मैत्रिणीच्या शेतावर मी ती भज्जी एकदा खाल्ली आहे. किती डाळी आणि किती भाज्या आहेत हे विचारलं तर तिच्या आईने बोटं मोजायला सुरुवात केली आणि दोन्ही हात संपल्यावर "खा आता गप" म्हणाल्या. मराठवाडा आणि लगतचा सीमाभाग सोडून बाहेर हा सण कुणाला फारसा माहीत नाही; नावावरही कानडीची छाया आहे. पुण्याच्या वर्गात यावर प्रश्न आले असते. शिवाय पुण्याला आल्यापासून परीक्षेच्या पायी तुझी येळवस चुकली असेल तर तेही लिही. शहरात शिकायला गेल्याची किंमत अशाच गोष्टींत मोजली जाते. पुढच्या येळवशीला खोलीतल्या दोघींना सोबत ने. वर्णन करायची दगदग वाचेल.

नंदुरबार, गोंदिया, सावंतवाडीहूनही अशा अर्थाची पत्रं येतात, म्हणून त्या सगळ्यांसाठी थोडं. 'कुठली गं तू?' हा प्रश्न दर वेळी एकच नसतो. मेसच्या रांगेत विचारलं तर 'लातूर' एवढं पुरे, खुलासे करत बसायचं नाही. समोरचा "अरे, ते पाण्याचं!" म्हणाला, तर "हो, मी पाचवीत होते तेव्हा" म्हणावं आणि पुढे बोलायचं असेल तर बोलावं, नाहीतर भाजी वाढून घ्यावी. नोकरीच्या किंवा स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत मात्र जिल्ह्याची माहिती लागतेच. तिथे जिल्हा १९८२ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादमधून (आताचं धाराशिव) वेगळा झाला, तालुके दहा, तूर आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ, मुक्तिसंग्रामाचा दिवस १७ सप्टेंबर १९४८, हे तोंडपाठ हवं; आजीच्या आठवणी सांगत बसलात तर पुढचा उमेदवार आत येईल. आणि वर्गात किंवा निबंधात विचारलं की, वर सांगितली ती चाळणी. या तीन ठिकाणांची सरमिसळ झाली की गडबड होते. तू वर्गात मेसच्या रांगेतलं उत्तर दिलंस, एवढीच तुझी चूक.

काही जण खरोखर हिणवतात, ते नाकारत नाही. आडनाव, बोली, गाव यांवरून माणसाची पायरी ठरवणारे सगळ्या शहरांत असतात आणि चांगल्या वर्णनाने ते सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी लिहू नकोस. मागच्या बाकावर कुणीतरी हिंगोलीचा असेल, जो तुझ्या विनोदावर हसला आणि मग स्वतःची पाच मिनिटं आली तेव्हा त्यानेही तसलाच विनोद केला. त्याला डोळ्यांसमोर ठेव.

राहिले वडील. 'चांगलं सांगितलं' हे त्यांना पटलं असेल असं समजू नकोस. मुनिमाला आकडा जुळला नाही की लगेच कळतं. निबंध दिल्यावर नाही, देण्याआधी त्यांना फोनवर वाचून दाखव. लाज वाटेल, विशेषतः त्यांच्याच तोंडची वाक्यं वाचताना. ते मधेच अडवतील. टँकर मंगळवारी यायचा, तू बुधवार लिहिलंस, असं काहीतरी निघेल, आणि त्या नादात तुला माहीत नसलेल्या चार गोष्टी बाहेर येतील. भूकंपाच्या रात्री ते कुठे होते हे तू त्यांना कधी विचारलं आहेस का? तेव्हा ते तरुण असतील, कदाचित तुझ्याच वयाचे. पुण्याचंही त्यांना खरं सांग. चौघींची खोली, बादल्यांचा नंबर, सगळं. त्यांना वाटतं त्यापेक्षा तू काटकसरीत राहतेस हे कळलं तर ते काळजी करतील, पण पैसे वाया गेले असं म्हणणार नाहीत.

आणि ते सोळा रस्ते. सगळे सोळा म्हणतात, मीही वर तसंच लिहून मोकळी झाले. पण दोन वर्षांपूर्वी मी गोलाईला फेरी मारून मोजायला गेले तेव्हा माझे पंधराच भरले. एक कुठल्यातरी कापडाच्या दुकानाआड गेला असणार. सुट्टीत गेलीस की वडिलांना घेऊन मोज, आणि मला कळव.